सव्वादोन चौरस इंचांचे मोल

विद्यार्थिमित्रहो, एका कोऱ्या कागदावर दीड इंच लांब व दीड इंच रुंद असा एक चौरस काढा. त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस इंच भरेल. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी जी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या नियमावलीत दीर्घकाळ असे एक कलम होते की, खेळाडूच्या सदऱ्यावर तो तयार करणाऱ्या कंपनीची खूण असल्यास ती एवढ्या जागेत मावली पाहिजे. तिने याहून अधिक जागा अडविता कामा नये. आता असे पाहा की, २०१६ साली अंडर आर्मर नावाच्या कंपनीने लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाशी, ज्यास तेथील लोक यूसीएलए या आद्याक्षरांनी ओळखतात, एक करार केला. त्या विद्यापीठाच्या सर्व संघांनी याच कंपनीचे कपडे व बूट वापरावयाचे, आणि कंपनीने पंधरा वर्षांत मिळून २८ कोटी डॉलर किमतीचा पैसा व माल विद्यापीठास द्यावयाचा, असे त्यात ठरले होते. महाविद्यालयीन खेळांच्या इतिहासात तोपर्यंत एवढा मोठा पोशाखाचा करार झालेला नव्हता.

दुकानात सदरा घेणारा पैसे मोजतो व सदरा विकणारा ते घेतो, हा जगाचा नेहमीचा रिवाज होय. येथे तर सदरा देणाराच वर पैसेही देतो! व्यापारी मनुष्य विनाकारण उदार होत नसतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा या उफराट्या दिसणाऱ्या व्यवहारात विद्यापीठ काहीतरी विकत असले पाहिजे आणि कंपनी काहीतरी विकत घेत असली पाहिजे, हे उघड आहे. ती वस्तू कोणती, तिचा सौदा कसा ठरतो, आणि त्या सौद्याचा भार अखेरीस कोणावर पडतो, एवढे समजावून देण्याचा या लेखाचा हेतू आहे. हा विषय दूर देशीचा असला तरी त्या कंपन्यांच्या खुणा आपल्या बाजारातील टोप्यांवर व बुटांवर रोज दिसतात. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी तो जाणून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम तेथील परिस्थितीची थोडी कल्पना दिली पाहिजे. आपल्याकडे दोन महाविद्यालयांचा सामना पाहावयास बहुधा त्यांचेच विद्यार्थी जमतात. अमेरिकेत तसे नाही. तेथील अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा सामना हा साऱ्या संस्थानाचा उत्सव असतो. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लक्षाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि घरोघर दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची गणती तर कोटींत जाते. असे असूनही खेळणारे तरुण विद्यार्थीच असत, आणि नियमाप्रमाणे त्यांस खेळाबद्दल वेतन मिळत नसे. शिष्यवृत्ती, राहण्याजेवण्याची सोय व खेळाचे साहित्य एवढ्यावर त्यांनी समाधान मानावे, कारण ते हौशी खेळाडू आहेत, धंदेवाईक नव्हेत, असे तत्त्व वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे १९०६ साली स्थापन झालेल्या एनसीएएने, शंभर वर्षांहून अधिक काळ धरून ठेविले होते. हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व कथेचा गुंता त्यातच आहे.

व्यापाऱ्याचा आश्रय ही गोष्ट मात्र त्या खेळांस नवी नाही. अमेरिकेतील दोन महाविद्यालयांत झालेला पहिला क्रीडासामना म्हणून ज्याचा उल्लेख करितात, ती हार्वर्ड व येल यांच्यामधील होड्यांची शर्यत ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हँपशायर संस्थानातील विनिपेसॉकी सरोवरावर झाली. तिचा खर्च कोणी केला? त्या भागातून जाणाऱ्या एका रेल्वे कंपनीने. शर्यत पाहावयास लोक येतील, ते आपल्या गाडीने येतील आणि सरोवराची शोभा पाहून पुन्हाही येतील, असा त्या कंपनीचा हिशेब होता. म्हणजे ज्या दिवशी महाविद्यालयीन खेळ जन्मास आला, त्याच दिवशी व्यापारही त्याच्या पाळण्याशी उभा होता. मात्र त्या रेल्वे कंपनीने होडी वल्हविणाऱ्यांच्या अंगावर आपली खूण लाविली नव्हती. तो प्रकार पुढे सव्वाशे वर्षांनी आला.

गंमत अशी की, ज्या कंपन्या हल्ली विद्यापीठांस पोशाख पुरवितात, त्यांपैकी काही विद्यापीठांच्या मैदानांवरच जन्मल्या. ऑरेगन विद्यापीठात धावण्याचे शिक्षण देणारे बिल बॉवरमन आणि त्यांचा विद्यार्थी फिल नाइट या गुरुशिष्यांनी १९६४ साली बूट विकण्याचा एक छोटा धंदा काढिला. तोच १९७१ पासून नाइकी या नावाने प्रसिद्धीस आला. त्या कंपनीची जगभर ओळखली जाणारी वाकड्या रेघेची खूणदेखील पोर्टलंड येथील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने काढून दिलेली आहे, आणि त्याबद्दल तिला प्रथम अवघे ३५ डॉलर मिळाले होते. अंडर आर्मर कंपनीचा संस्थापक केव्हिन प्लँक हा मेरिलंड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील खेळाडू. अंगातील सुती सदरा घामाने भिजून जड होतो, याचा कंटाळा येऊन त्याने घाम न धरणाऱ्या कापडाचा सदरा तयार केला व १९९६ साली कंपनी काढिली. तेव्हा हे व्यापारी विद्यापीठास परके नव्हते. ते तेथील अंतर्बाह्य व्यवहार जाणणारे होते.

पोशाखाच्या कराराची खरी सुरुवात बास्केटबॉलच्या खेळात झाली. हा खेळ आमच्यासारख्या शाळांस विशेष परिचयाचा आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात तरुणांस छपराखाली व्यायाम मिळावा म्हणून, १८९१ साली तो शोधून काढिला, आणि त्याच संघटनेच्या द्वारे तो आपल्या देशातही आला. पुढे तेथील लोकांस या खेळाचे वेड लागले. १९७७ च्या सुमारास सनी व्हॅकारो नावाच्या एका गृहस्थाने नाइकी कंपनीस एक युक्ती सुचविली. विद्यार्थी खेळाडूस पैसे देता येत नाहीत, कारण नियम आड येतो. परंतु त्याच्या क्रीडाशिक्षकास, ज्यास तेथे कोच म्हणतात, पैसे देण्यास कोणताही प्रतिबंध नाही. कोचास काही रक्कम द्यावी, त्याच्या संघास बूट फुकट द्यावेत, म्हणजे सारा संघ आपोआप नाइकीचे बूट घालून दूरचित्रवाणीवर दिसेल. नेव्हाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संघाचे कोच जेरी टार्केनियन हे प्रथम करारबद्ध झाले, आणि त्यांच्या मागोमाग इतर नामांकित कोच आले. पाय खेळाडूचे, बूट कंपनीचे आणि पैसा कोचाचा, अशी ही विलक्षण त्रिस्थळी यात्रा होती.

कोच आपल्या शिष्यांचे पाय परस्पर भाड्याने देतो हे पाहून विद्यापीठांच्या चालकांच्या मनात साहजिकच आले की, जे विकले जात आहे ते वस्तुतः विद्यापीठाचे नाव आहे. मग त्याची किंमत कोचाने का घ्यावी? १९८७ साली मायामी विद्यापीठाने आपल्या सर्व खेळांच्या संघांसाठी मिळून नाइकीशी एकच करार केला. संपूर्ण विद्यापीठाचा म्हणून हा पहिला करार समजला जातो. त्यानंतर हीच रीत पडली. २०१५ साली टेक्सास विद्यापीठाने १५ वर्षांकरिता २५ कोटी डॉलरचा, व २०१६ च्या आरंभी ओहायो स्टेट विद्यापीठाने तितक्याच मुदतीकरिता २५ कोटी २० लक्ष डॉलरचा करार नाइकीशी केला. आणि त्यांस मागे टाकणारा यूसीएलएचा करार त्याच वर्षी झाला, हे आरंभी सांगितलेच आहे.

आता असा करारनामा हाती घेऊन वाचल्यास त्यात काय आढळते ते पाहू. सरकारी विद्यापीठांचे कागद तेथील कायद्याप्रमाणे नागरिकांस मागता येतात, म्हणून त्यांतील अटी लोकांस कळल्या आहेत. खाजगी विद्यापीठांस तसे बंधन नाही. या करारात कंपनी दोन प्रकारे मोबदला देते. एक रोख रक्कम, व दुसरा माल. कित्येक करारांत मालाची किंमत दुकानातील विक्रीच्या भावाने धरलेली असते. कंपनीस तो तयार करण्यास पडणारा खर्च अर्थातच त्याहून पुष्कळ कमी असतो. म्हणून वृत्तपत्रांत जो कोटींचा आकडा छापून येतो, तो सर्व रोख पैसा आहे असे समजू नये. गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कोणताही मोठा आकडा पाहिला की, यात रोख किती, माल किती आणि तो किती वर्षांचा, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

उलट पक्षी विद्यापीठाने काय द्यावयाचे? सर्व खेळाडूंनी सामन्यात व सरावात त्याच कंपनीचा पोशाख घालावयाचा. कोचांनीही दूरचित्रवाणीवर येताना तोच घालावयाचा. कंपनीच्या पाहुण्यांसाठी सामन्यांची तिकिटे राखून ठेवावयाची. संघाच्या पोशाखासारखे जे सदरे व टोप्या बाजारात विकल्या जातात, त्या करण्याचा अधिकार कंपनीस द्यावयाचा व त्यावर विद्यापीठाने ठराविक हिस्सा घ्यावयाचा. कित्येक करारांत तर असेही कलम असते की, खेळाडूने घोट्यास आधार म्हणून बुटावरून चिकटपट्टी गुंडाळून कंपनीची खूण झाकली, तर विद्यापीठाच्या रकमेत कपात व्हावी! संघाने अजिंक्यपद मिळविल्यास बक्षीस, आणि नियमभंगाबद्दल संघास स्पर्धेतून अथवा दूरचित्रवाणीवरून बंदी झाल्यास कपात, हेही लिहिलेले असते. ती सव्वादोन चौरस इंचांची खूण दिसत राहिली पाहिजे, हे या सर्व अटींचे सार होय.

कंपनीस यात काय लाभ, हेही नीट समजून घ्यावे. दुकानातील सदरे विकले जातात, हा लाभ आहेच. पण तो गौण. मनुष्याचे आपल्या विद्यापीठावरचे प्रेम फार उत्कट असते. ज्या रंगाचा सदरा पाहून त्यास आपले तारुण्य आठवते, त्या सदऱ्यावरची खूणही हळूहळू त्यास आपलीशी वाटू लागते. शिवाय आज जो तरुण विद्यार्थी म्हणून ते बूट घालतो, तो उद्या नामांकित धंदेवाईक खेळाडू होण्याचा संभव असतो. तात्पर्य, कंपनी जागा भाड्याने घेत नाही. ती लोकांचा विश्वास व जिव्हाळा भाड्याने घेते, आणि ही वस्तू तिला कोणत्याही कारखान्यात तयार करिता येत नाही.

येथवर पाहता या व्यवहारात कोणाचे नुकसान झालेले दिसत नाही. किंबहुना त्याचे हित करणारे अंगही निष्पक्षपणे सांगितले पाहिजे. ज्या खेळांस प्रेक्षक थोडे, उदाहरणार्थ पोहणे, होड्या वल्हविणे, धावण्याच्या शर्यती व मुलींचे कित्येक खेळ, त्या खेळांतील विद्यार्थ्यांसही या एकत्रित करारामुळे उत्तम पोशाख मिळतो. गरीब घरच्या मुलास महाग बुटांची चिंता राहत नाही. परंतु "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी" अशी आपल्याकडे म्हण आहे. पोळी खाल्ल्यावर टाळी किती मोठ्याने वाजवावी लागते, हे पाहिल्यावाचून सौद्याची किंमत कळत नाही.

१९९६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने रीबॉक या बूट करणाऱ्या कंपनीशी करार करावयाचे ठरविले. त्याच्या मसुद्यात असे एक कलम होते की, विद्यापीठाने कंपनीची निंदा होईल असे काही अधिकृतपणे बोलू नये, आणि विद्यापीठाच्या कोणा नोकराने तसे बोलल्यास त्याची दखल घेऊन योग्य उपाय करावा. नोकर या शब्दात प्राध्यापकही आले. त्या काळी परदेशातील बुटांच्या कारखान्यांत मजुरांस कसे वागवितात याविषयी अमेरिकेत मोठी चर्चा चालू होती. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात त्याविषयी सत्य सांगितले, तर ते कराराविरुद्ध व्हावे काय? प्राध्यापकांनी निषेध केला, आणि ते कलम काढून टाकावे लागले. पोशाख खेळाडूच्या अंगावर चढत होता. परंतु त्याचा बंद शिक्षकाच्या तोंडाला बांधला जात होता, हे वेळीच कोणी तरी वाचले म्हणून उघडकीस आले.

दुसरे उदाहरण ऑरेगनचे. २००० साली त्या विद्यापीठाने कारखान्यांतील मजुरांची स्थिती स्वतंत्रपणे तपासणाऱ्या वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या नव्या संस्थेचे सभासदत्व पत्करिले. तिची स्थापना व्हावी म्हणून अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी चळवळ केली होती. नाइकीचे प्रमुख फिल नाइट हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व मोठे देणगीदार. त्यांस ही गोष्ट रुचली नाही. आणि क्रीडांगणाच्या विस्तारासाठी ते जे ३ कोटी डॉलर देणार होते, ते देण्याचे त्यांनी नाकारिले. पुढे विद्यापीठ त्या संस्थेतून बाहेर पडले, व नाइटसाहेबांचे दानही पुन्हा वाहू लागले. स्वतःचा पैसा कोणास द्यावा हे ठरविण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता, हे खरे. तथापि विद्येच्या मंदिरात कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता विचारू नये, याचा निर्णय जर देणगीच्या ओघावर होऊ लागला, तर त्या मंदिरात विद्या किती काळ राहील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मजुरांचा उल्लेख आलाच आहे, तर जो सदरा आपण घालतो तो शिवणारे हातही डोळ्यांपुढे आणू. विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे अमेरिकेत विकले जातात, पण त्यांपैकी बहुतेक शिवले जातात दूरच्या गरीब देशांत. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात रसेल अॅथलेटिक या कंपनीचा एक कारखाना होता. तेथील मजुरांनी आपला संघ स्थापिला, आणि त्यानंतर कंपनीने २००९ च्या जानेवारीत तो कारखानाच बंद केला. सुमारे १,२०० मजूर रस्त्यावर आले. ही बातमी अमेरिकेतील विद्यार्थ्यांस समजली तेव्हा त्यांनी आपापल्या विद्यापीठांच्या चालकांपुढे गाऱ्हाणे नेले. एकामागून एक अशा शंभराच्या आसपास विद्यापीठांनी आपले नाव कपड्यांवर छापण्याचा या कंपनीस दिलेला परवाना काढून घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनी नमली. तिने होंडुरासमध्ये पुन्हा कारखाना उघडण्याचे व काढलेल्या मजुरांस परत कामावर घेण्याचे मान्य केले. तसेच इंडोनेशियातील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सुमारे २,८०० मजुरांचे कायदेशीर देणे राहिले होते. तेथे माल करवून घेणाऱ्या आदिदास कंपनीशी कॉर्नेल विद्यापीठाने २०१२ साली आपला संबंध तोडिला, इतरांनीही त्याचे अनुकरण केले, आणि २०१३ साली कंपनीस मजुरांशी समेट करावा लागला. ज्या नावासाठी कंपनी कोट्यवधी मोजते, ते नाव काढून घेण्याचे सामर्थ्यही विद्यापीठाजवळ असते. आणि ते सामर्थ्य वापरावयास चालकांस भाग पाडणारे बहुतांशी तुमच्याहून चारपाच वर्षांनी मोठे असलेले विद्यार्थीच होते.

आता खुद्द खेळाडूकडे वळू. २० फेब्रुवारी २०१९ रोजी नॉर्थ कॅरोलायना संस्थानात ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलचा सामना होता. माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा प्रेक्षकांत होते. सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नव्हते, तोच ड्यूकचा तरुण खेळाडू झायन विल्यमसन याचा पाय घसरला. त्याच्या प्रचंड शरीराच्या जोराने डाव्या पायातील नाइकीचा बूट उसवून पाऊल बाहेर आले, आणि तो गुडघा धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी बाजारात नाइकीच्या शेअरचा भाव सुमारे शेकडा एक टक्क्याने उतरला. एवढ्याने कंपनीचे बाजारातील मोल सुमारे ११० कोटी डॉलरने कमी झाले. सुदैवाने दुखापत किरकोळ होती व काही सामन्यांनंतर तो पुन्हा खेळला. परंतु त्या दिवशी लोकांस एक विचित्र हिशेब दिसला. ज्या मुलाचा बूट फाटल्याने शंभर कोटींची उलथापालथ होते, त्यास नियमाप्रमाणे त्या बुटाबद्दल एक डॉलरही घेण्याची मुभा नव्हती. आणि तो गुडघा कायमचा जायबंदी झाला असता, तर त्याचे पुढील आयुष्यातील उत्पन्न बुडाले असते. त्याच वर्षी तो धंदेवाईक खेळाडू झाल्यावर त्याच कंपनीच्या एका शाखेने त्याच्याशी मोठ्या रकमेचा करार केला, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

समोरचे दार बंद ठेविले की मागचे दार उघडते, असा अनुभव आहे. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकन सरकारच्या पोलिसांनी काही कोच व आदिदास कंपनीशी संबंध असलेली काही माणसे पकडिली. होतकरू तरुणांनी आपल्या कंपनीचा पोशाख घालणाऱ्या विद्यापीठांतच जावे, म्हणून त्यांच्या कुटुंबांस गुप्तपणे पैसे पोचविल्याचा आरोप होता, आणि पुढील वर्षी न्यू यॉर्क येथील न्यायालयात कंपनीचा एक अधिकारी दोषी ठरला. कोठे शिकावे हा प्रश्न बुटाच्या खुणेवरून सुटावा, याहून विद्येचा उपहास तो कोणता?

अखेर ते जुने तत्त्व ढासळले. २०२१ च्या जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने, शिक्षणविषयक लाभांवर मर्यादा घालणारे त्या राष्ट्रीय संस्थेचे नियम बेकायदा ठरविले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंस आपले नाव व छबी जाहिरातीस देऊन पैसे मिळविण्याची परवानगी मिळाली. १ जुलै २०२५ पासून तर एका मोठ्या दाव्याच्या तडजोडीनुसार विद्यापीठांसच खेळाडूंस प्रत्यक्ष पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाकरिता त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर ठरली. याचा परिणाम पोशाखाच्या करारांवरही झाला. २०२५ च्या ऑगस्टात टेनेसी विद्यापीठाने नाइकीस सोडून पुन्हा आदिदासकडे जाण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या करारात खेळाडूंस मिळावयाच्या पैशाचा विचार प्रमुख होता. येणेप्रमाणे ज्याचा पाय होता त्याच्या हाती काही मोबदला पडू लागला, ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर अठरा वर्षांचा मुलगा आता स्वतःच्या सहीने करार करू लागला. त्याने तो वाचलेला असेलच, अशी हमी कोण देणार?

ज्या कराराने लेखास आरंभ केला, त्याचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पंधरा वर्षांचे ते वचन तीन वर्षेही पुरती टिकले नाही. अंडर आर्मरचा व्यापार मंदावला होता. २०२० साली महामारीमुळे खेळ थांबले, आणि जूनमध्ये कंपनीने करार संपविण्याचा आपला मानस जाहीर केला. ज्या लाभांबद्दल आम्ही पैसे देतो ते दीर्घकाळ आम्हांस मिळाले नाहीत, असे तिचे म्हणणे. विद्यापीठाचे म्हणणे असे की, महामारी हे केवळ निमित्त असून कंपनीस महाग पडलेला सौदा तिला टाकावयाचा आहे. विद्यापीठाने ऑगस्टात २० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लाविला. २०२२ साली तडजोड होऊन त्यास सुमारे ६ कोटी ७५ लक्ष डॉलर मिळाले. दरम्यान त्याने नाइकीशी सहा वर्षांचा नवा करार केला होता. त्याची एकंदर किंमत सुमारे ४ कोटी ६५ लक्ष डॉलर, म्हणजे जुन्या कराराच्या मानाने फारच थोडी होती. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. जे उत्पन्न पंधरा वर्षे येणार असे धरून खर्चाची आखणी करावी, ते तिसऱ्या वर्षीच आटले तर काय होते, हे सालदाराच्या भरवशावर शेती करणाऱ्या आपल्या पालकांस वेगळे सांगावयास नको.

या सर्व हकिगतीवरून व्यापाऱ्यांचा आश्रय घेणेच वाईट, असे कोणी अनुमान काढील तर ते एकांगी होईल. पैशावाचून क्रीडांगण सपाट होत नाही आणि चेंडूही विकत मिळत नाही. आपल्या गावातील एखाद्या सज्जन दुकानदाराने उद्या शाळेच्या संघास सदरे देऊ केले, तर ते आभार मानून स्वीकारण्यात कमीपणा नाही. मात्र स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. जे ठरले आहे ते विद्यार्थी व पालक या सर्वांपुढे वाचून दाखविण्याजोगे आहे काय? सदरा घेतल्यावरही देणाऱ्याच्या दोषाविषयी खरे बोलण्यास आपण मोकळे राहतो काय? तो शिवणाऱ्यास त्याची मजुरी मिळाली आहे काय? आणि देणारा उद्या निघून गेला, तर आपला खेळ चालू राहील काय? विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकांनी दुसरा प्रश्न विचारिला, होंडुरासच्या मजुरांसाठी विद्यार्थ्यांनी तिसरा विचारिला, आणि लॉस एंजेलिसच्या चालकांस चौथ्याचे उत्तर न्यायालयात शोधावे लागले.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाने बाजारात एखाद्या प्रसिद्ध खुणेच्या बुटासाठी हट्ट धरिला, तर त्यास नुसते रागे भरू नये. त्यास जवळ बसवून त्या किमतीत चामड्याचे किती, शिवणाऱ्याचे किती, आणि त्या दीड इंच चौरसाचे किती, याचा अदमास त्याच्याकडूनच काढवून घ्यावा. गणित अचूक येणार नाही. परंतु असा हिशेब करावयास शिकलेला मुलगा पुढे कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहील.